बापदेवाच्या न्हाणीतला गाळ

गाळोबा कधी खोटं बोलत नाही. यंत्रमानवाला खोटं बोलताच येत नाही म्हणे. मग "खारवेळच्या खाडीचा तळ स्वच्छ आहे," असं त्याच्या मापांवरून भर सभेत सांगितलं गेलं, तर आमच्या तिसऱ्या कशाने मेल्या, हे मला कोणीतरी समजावून सांगावं!

मी जुईली तांडेल. सातवीत आहे. आमची खाडी म्हणजे खरं तर छोटा उपसागर (जमिनीत अर्धगोल शिरलेला समुद्र), पण गावात सगळे खाडीच म्हणतात. ओहोटीला पाणी मागे सरलं की तळाचा मोठा पट्टा उघडा पडतो. त्यावर माझी आय आणि गावातल्या बायका वाकून विळ्याने तिसऱ्या उकरतात. तिसऱ्या म्हणजे दोन झाकणांचे शिंपले. त्यांचं कालवण घरात, आणि उरतील त्या बाजारात. माझी शाळेची बॅग, सायकल, सगळं तिसऱ्यांतूनच आलेलं आहे.

त्या तिसऱ्या गेली दोन-तीन वर्षं मरत होत्या. उकरावं तिथे नुसती उघडी, रिकामी झाकणं. गावाने इतकी ओरड केली की शेवटी जिल्ह्याहून मोकाशी साहेब आले आणि सोबत गाळोबा आला. त्याचं खरं नाव आहे 'सागरतळ निरीक्षक यंत्र', पण एवढं लांब नाव घ्यायला वेळ कोणाला आहे? सहा पायांचा, घमेल्याएवढा यंत्रमानव. पाण्याखाली चालतो, तळाचा गाळ उचलतो, तपासतो. बोलतो मात्र इतका नम्र की ऐकणाऱ्याचा जीव जावा.

आठवडाभर तो खाडीत फिरला. मग मच्छी उतरवायच्या शेडमध्ये सभा भरली. मोकाशी साहेबांनी पडद्यावर रंगीत नकाशा दाखवला. सगळीकडे हिरवे ठिपके.

"तळाच्या गाळात धातूंचं प्रमाण नैसर्गिक आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाच्या बॅटरी कारखान्याचा याच्याशी संबंध नाही. शिंपले संपले ते महिलांनी प्रमाणाबाहेर उकरल्यामुळे. म्हणून या पट्ट्यावर पाच वर्षं शिंपले काढायला बंदी. पुढच्या सभेत ठराव कायम होईल."

मग माझी आय उभी राहिली.

"साहेब, माझ्या आयनं तिसऱ्या काढल्या, तिच्या आयनं काढल्या. लहान असली तं परत चिखलात सोडायची, ही आमची रीत. तवा नाय संपल्या त्या?"

"बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण हे विज्ञान आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर भावना समजतो म्हणे! आणि विज्ञान काय यांच्या एकट्यांच्या खिशात असतं?

सभा संपली तशी मी धक्क्यावर गेले. गाळोबा पाठीवरचे पत्रे उन्हात पसरून बॅटरी भरत बसला होता.

"खोटारड्या!" मी म्हटलं.

"नमस्कार, जुईलीताई. मी दिलेलं प्रत्येक माप बरोबर आहे. आपण पडताळून पाहू शकता."

"मग तिसऱ्या का मेल्या?"

"हे मला कोणी विचारलं नव्हतं. नमुन्यात धातू किती, एवढंच विचारलं होतं."

पाहिलंत? अशा माणसाशी, म्हणजे अशा यंत्राशी, भांडायचं तरी कसं? मी रागाने धक्क्याच्या कठड्यावर बसले. "बरं, मी विचारते. कारखान्याच्या पाण्यात धातू असतात की नाही?"

"बॅटरीला निकेल लागतं. निकेल हा धातू आहे. सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही, तर ते ओढ्यातून खाडीत येऊ शकतं."

"आलं, तर ते पाण्यातच राहतं की तळाशी जातं?"

गाळोबाचे दोन्ही डोळे माझ्याकडे वळले. "हा फार चांगला प्रश्न आहे. उत्तर सांगू की दाखवू?"

दाखव म्हटल्यावर त्याने काय मागावं? दोन रिकाम्या बाटल्या आणि जखमेवर लावायचं जांभळं औषध! ते आमच्या गावात घरोघरी असतं, कारण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार कवचांनी बायकांचे पाय सदा कापलेले असतात. मी घरून बाटल्या आणि औषध आणलं. गाळोबाने एकीत खाडीच्या तोंडाजवळची वाळू घातली आणि दुसरीत ओढ्याकाठचा मऊ चिखल, तेवढाच. दोन्हींत पाणी भरलं, औषधाचे थेंब टाकले. मी दोन्ही बाटल्या खळखळून हलवल्या आणि सावलीत ठेवल्या.

चिखल बसायला वेळ लागला. मी चणे आणून खाल्ले. परत पाहिलं, तर वाळूच्या बाटलीतलं पाणी अजून चांगलं जांभळं होतं. आणि चिखलाच्या बाटलीतलं पाणी जवळजवळ स्वच्छ!

"रंग गेला कुठं?"

"चिखलाने धरला. घरी खोबऱ्याच्या तुकड्यांना मसाला चोळला तर किती लागतो?"

"वरवर लागतो."

"आणि तेच खोबरं किसून चोळला तर?"

"तर किसाच्या कणाकणाला लागतो," मी म्हटलं, आणि मला एकदम कळलं. "चिखल म्हणजे किसलेलं खोबरं!"

"अगदी बरोबर. कण जितके बारीक, तितकं त्यांचं एकूण पृष्ठफळ (बाहेरच्या बाजूंची सगळी मिळून जागा) जास्त. शिवाय चिखलात चिकणमातीचे कण असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. हे औषध आणि पाण्यात विरघळलेले धातू दोघांवरही धन भार असतो. म्हणून ते मातीला चिकटतात. याला अधिशोषण (कणांच्या पृष्ठभागावर एखादा पदार्थ धरून ठेवला जाणं) म्हणतात. वाळूचा कण जाड आणि गुळगुळीत, त्यामुळे त्यावर फारसं काही टिकत नाही."

मी बाटल्यांकडे पाहत राहिले. डोक्यात काहीतरी ठसठसत होतं. "गाळोबा, सभेत दाखवलेले ते तुझे हिरवे ठिपके... ते वाळूतले होते की चिखलातले?"

"सगळे वाळूतले, किंवा वाळू जास्त असलेल्या जागेतले."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"मला कोणी विचारलं—"

"विचारलं नाही! विचारलं नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की धक्क्यावरची मांजरं पळाली. "घराची झडती घ्यायची आणि चोर ज्या खोलीत बसलाय तेवढीच सोडायची, याला तपासणी म्हणतात का? बारीक चिखल कुठे साठतो, ते सांग."

"जिथे पाणी थांबतं तिथे. वाहत्या पाण्यात फक्त जड कण, म्हणजे वाळू, खाली बसते. हलका चिखल तरंगत पुढे जातो आणि शांत, खोल जागा मिळाली की हळूहळू खाली उतरतो."

आमच्या खाडीत शांत, खोल जागा एकच आहे, आणि ती गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बापदेवाची न्हाणी.

खाडीच्या मध्ये एक काळा खडक आहे. त्यावर शेंदूर लावलेला दगड म्हणजे आमचा बापदेव. खडकाच्या आडोशाला वाटीसारखा खोलगा आहे. देव तिथे आंघोळ करतो, म्हणून ती त्याची न्हाणी. तिथे कोणी नांगर टाकत नाही, जाळं ओढत नाही. होडी न्हाणीवरून जाताना इंजिनसुद्धा बंद करतात. नारळी पुनवेला तिथे नारळ सोडायचा आणि हात जोडून मागे फिरायचं.

"तिथं का नाही गेलास?" मी विचारलं, पण उत्तर मला कळलंच होतं.

"मला स्थानिक रिवाज पाळण्याची सूचना आहे. धर्मा तांडेलांनी न्हाणीभोवती थर्माकोलचे बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) बांधून दिले आणि आत जाऊ नको म्हणाले. मी गेलो नाही."

धर्मा तांडेल म्हणजे माझा आजा.

आजा अंगणात जाळं शिवत होता. मी दोन्ही बाटल्या त्याच्यासमोर आदळल्या आणि सगळं एका दमात सांगितलं. आय दारात उभी राहून ऐकत होती. आजाने सुई थांबवली नाही.

"नाय म्हंजे नाय. न्हाणीत लोखंड टाकायचा नाय. माझ्या आज्यानं टाकला नाय, मी टाकला नाय. आता त्या यंत्राला देवाच्या अंगात नळी खुपसू देऊ?"

"मग आयवर बंदी येऊ दे?"

"तुझी आय माझी सून हाय. मला कळता. पर देवाशी बेइमानी नाय करायची."

"बेइमानी कोन करता आजा?" माझा आवाज चिरकला. मला रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून अजून राग येत होता. "त्याच्या न्हाणीत कारखान्याचा पानी चालता, आनि आपली नळी चालत नाय? तू बोये बांधून राखण केलीस ती देवाची नाय, त्या कारखान्याची केलीस!"

आय म्हणाली, "जुईले, गप." आजाला असं कोणी बोलत नाही आमच्याकडे.

आजाची सुई थांबली. तो खाडीतल्या आपल्या होडीकडे बघू लागला. त्याच्या होडीतली बॅटरी त्याच कारखान्याची आहे, आणि ती घेतली तेव्हा त्याने तिलाही हळदकुंकू वाहिलं होतं. मग तो उठला आणि माझ्याकडे न बघता धक्क्यावर चालू लागला. मी मागे मागे पळाले.

"ए गाळोबा," आजा म्हणाला, "तुझी नळी लोखंडाची हाय का?"

"पोलादाची आहे, तांडेल. पण धातू शोधायचा असेल तर ती वापरणं योग्य नाही. नळीचाच अंश गाळात मिसळला तर माप चुकेल. माझ्याकडे पारदर्शक प्लास्टिकची नळी आहे."

"म्हंजे लोखंड नकोच?"

"नकोच."

आजाने मिशी पुसली. "बापदेवपन तेच सांगतो. चल मंग."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडीने निघालो. आजाने स्वतः नारळ सोडला, बोये सोडवले आणि इंजिन बंद करून होडी वल्ह्याने न्हाणीवर नेली. मोकाशी साहेबांनाही आयने बोलावून आणलं होतं. "तुमचंच यंत्र हाय, तुमच्या डोळ्यांदेखत होऊ दे," म्हणाली. साहेब पॅन्ट वर दुमडून होडीच्या मधोमध आखडून बसले होते.

गाळोबा नळी घेऊन खाली गेला. वर आला तेव्हा त्याच्या पायांत हातभर लांबीचा गाळाचा खांब होता, नळीत जसाच्या तसा. याला गाभा-नमुना (तळातून थर न मोडता काढलेला उभा तुकडा) म्हणतात. गाळोबाने झाकण काढलं आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

"घाबरू नका. खोल चिखलात प्राणवायू नसला की असा वास येतोच," गाळोबा म्हणाला. "वासावरून काही ठरवायचं नाही. थर बघू. गाळ वरून पडत जातो, त्यामुळे खालचा थर जुना, वरचा नवा. इतर ठिकाणी नांगर आणि जाळी तळ ढवळतात, थर मिसळून जातात. इथे कोणी काहीच टाकलं नाही, म्हणून सगळं जागच्या जागी आहे. इतका सुंदर नमुना मी पाहिला नव्हता."

आजाची मान ताठ झाली.

नळीत अगदी तळाला हिरवट राखाडी गाळ होता. त्यात तिसऱ्यांच्या पिल्लांची झाकणं, कणीएवढी, पण गच्च भरलेली. वर एक पिवळसर वाळूची रेघ होती. तिच्यावर पुन्हा राखाडी गाळ, आणि मग टोकापर्यंत नुसता काळा. काळ्यात एकही झाकण नाही.

"ही वाळू शांत न्हाणीत कशी आली?" साहेबांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं होतं.

"वादळ!" आय म्हणाली. "माझ्या लग्नाच्या वर्साचा. पुळणीची सगळी वाळू खाडीत आलती. मांडव तं धक्क्यावर सापडला."

"म्हणजे रेघेखालचा गाळ वादळाच्या आधीचा," गाळोबा म्हणाला. "कारखाना त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाला."

मग त्याने नळीवर क्ष-किरणांची बारीक शलाका फिरवली. प्रत्येक धातू क्ष-किरणांना आपापल्या ठरलेल्या पद्धतीने उत्तर देतो, त्यावरून कोण किती आहे ते कळतं. त्याच्या छातीवरच्या पडद्यावर एक रेघ उमटू लागली. तळाच्या गाळात निकेल थोडं होतं. आमच्या डोंगरांच्या काळ्या दगडात ते मुळातच असतं. ही झाली पार्श्वपातळी (निसर्गतःच असलेलं प्रमाण). वाळूवरच्या राखाडी गाळातही तेवढंच. काळा थर लागला आणि रेघ पडद्याच्या टोकाकडे उसळली.

वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं.

"साहेब," आय म्हणाली, "त्या खालच्या थराच्या येळी आमी पट्ट्यावर तिसऱ्या काढत होतो, का नाय? तेवढ्याच बायका, तेच विळे. तवा पिल्लं हायत. आनि काळ्यात? त्या काय आमी न्हाणीत बुडी मारून उकरल्या?"

साहेबांनी घसा साफ केला. "एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं..."

"वाळूवरून काढलात तो!" मी म्हटलं. या वेळी आय मला गप म्हणाली नाही.

"ताईंचं म्हणणं बरोबर आहे," गाळोबा म्हणाला. "आणि साहेबांचंही. अजून नमुने हवेत. तांडेलांच्या बोयांच्या आत जागा भरपूर आहे. साहेब, माझी मापं खरी होती, पण अपुरी होती. अपुरं खरं सांगून मी गावाचं नुकसान केलं असतं. यापुढे विचारलं नाही तरी सांगेन."

यंत्राला चूक कळली, ती अशी. साहेबांना कळायला अजून चार नळ्या लागल्या. पाचही नळ्यांत वर तोच काळा थर निघाला. न्हाणीच्या ओढ्याकडच्या बाजूला थर सर्वांत काळा आणि जाड, पुढे पुढे पातळ. घाण कुठून आली हे विचारावंही लागू नये इतकं ते स्पष्ट होतं.

पुढच्या सभेत बंदीचा ठराव रद्द झाला आणि कारखान्याची सांडपाण्याची नळी सील करायचा आदेश वाचला गेला. शुद्धीकरण यंत्रणा बसवून तपासून घेतल्याशिवाय ती उघडायची नाही. कारखान्याचे गृहस्थ उठले आणि मोठ्या औदार्याचा आव आणून म्हणाले, "आम्ही खाडीचा सगळा गाळ उपसून देतो, स्वखर्चाने!" टाळ्यासुद्धा पडल्या.

"कृपया नको," गाळोबा म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. "काळा थर ढवळला तर धरलेलं निकेल पुन्हा पाण्यात येईल. वादळी भरतीत हेच थोडं थोडं होतं. बारीक गाळ उठतो, पट्ट्यावर येतो आणि पाणी गाळून जगणाऱ्या तिसऱ्या तो गिळतात. घाण येणं थांबलं, तर दरवर्षी ओढ्याचा स्वच्छ गाळ त्यावर बसेल आणि थर गाडला जाईल. फक्त तिथे कोणी नांगर टाकू नये, जाळं ओढू नये."

सगळं गाव आजाकडे बघायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने बोये पुन्हा बांधले. या वेळी मी गाठी मारल्या.

मी आयला म्हटलं, "जिंकलो गो आपण!" ती टोपली घासत होती.

"जिंकलो? गाळात इष हाय ते कळलं ना. आता मीच काढनार नाय. त्या तिसऱ्या लोकांना खायला घालू?" तिने टोपली उलटी करून खुंटीला टांगली. "पर बंदी माझ्या माथ्यावर नाय, एवढाच." तिच्या हातांकडे बघून मला पुन्हा रडू आलं. कारखान्याकडून बायकांना भरपाई मिळायचं ठरलं आहे, पण ओहोटीला तिचे पाय अजून सवयीने पट्ट्याकडे वळतात. दारापर्यंत जाऊन ती परत येते. यासाठी कोणी साधी माफीसुद्धा मागितलेली नाही, आणि मी ते विसरणार नाही.

यंदा नारळी पुनवेनंतर गाळोबाने न्हाणीत पुन्हा नळी घातली. काळ्या थरावर तपकिरी गाळाचा एक पापुद्रा होता, नखाएवढा जाड. त्यात एक बारीक भोक दिसत होतं.

"किड्याचं बीळ आहे," गाळोबा म्हणाला. "कोणीतरी राहायला आलं आहे."

"तिसऱ्या कवा येतील?" आयने विचारलं.

"नक्की सांगता येणार नाही. जुईलीताई मोठ्या होईपर्यंत, कदाचित."

आय माझ्याकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिने खुंटीवरची टोपली काढली, तिच्या कडेचा सुटलेला वेत नीट ओवला आणि पुन्हा टांगली, माझा हात पोचेल अशा खालच्या खुंटीला.